अफवा, साठेबाजी आणि कागदाची गुंडाळी

'अफवा' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरून आला असल्याचे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मूळ अरबी शब्द 'अफवाह', म्हणजे 'तोंडे'. फारसी-उर्दूच्या वाटेने तो आपल्याकडे आला. एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी जाते आणि जिला कुणी एक धनी नसतो, ती अफवा. या तोंडांची ताकद किती असते हे पाहण्यासाठी मोठमोठ्या लढायांचा आणि बंडांचा इतिहास चाळण्याची गरज नाही. एका साध्या, हसण्यावारी नेल्या जाणाऱ्या वस्तूचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे. ती वस्तू म्हणजे शौचालयात वापरायच्या कागदाची गुंडाळी, टॉयलेट पेपर.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात ही वस्तू नसते. तांब्या किंवा लोटा हाताशी नसेल तर आपल्याला तहारत, म्हणजे शुद्धी, झाल्यासारखी वाटत नाही. हा फरक जुना आहे. इ.स. ८५१ (हिजरी २३७) मध्ये लिहिल्या गेलेल्या 'अखबार अस्-सीन वल्-हिंद' या अरबी प्रवासवृत्तांतात, चिनी लोक शौचानंतर पाणी वापरत नाहीत, कागदाने पुसतात, अशी नोंद आढळते. पश्चिमेत ही वस्तू बरीच उशिरा आली. १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या जोसेफ गेयेटी यांनी खास या कामासाठीचा कागद बाजारात आणला. १८९१ मध्ये सेथ व्हीलर यांनी ओळीने छिद्रे पाडलेल्या गुंडाळीचे पेटंट घेतले. विसाव्या शतकात अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि जपानच्या शहरांत ती मिठाइतकी गरजेची झाली. तेव्हा 'कागद संपणार' या वार्तेचा तिथल्या माणसावर होणारा परिणाम समजून घ्यायचा, तर 'उद्यापासून नळाला पाणी नाही' ही वार्ता आपल्या मोहल्ल्यात कशी पसरेल ते आठवावे.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले. अरब देशांनी तेलाचे उत्पादन घटवले आणि जवळजवळ सगळे तेल बाहेरून आणणारा जपान हादरला. उद्योगमंत्री यासुहिरो नाकासोने यांनी जनतेला कागद जपून वापरण्याचे आवाहन केले. हेतू काटकसरीचा होता, पण लोकांनी त्यातून टंचाईची सूचना ऐकली. ऑक्टोबर सरून नोव्हेंबर लागत असताना ओसाकाजवळच्या सेन्री न्यू टाउन या वसाहतीतील एका दुकानाने टॉयलेट पेपर स्वस्तात विकायला काढला. सुमारे ३०० जणांची रांग लागली आणि माल बघता बघता संपला. वर्तमानपत्रांत रांगेची बातमी आली. ती वाचून दुसऱ्या शहरांत रांगा लागल्या, त्यांच्या बातम्यांनी आणखी रांगा लागल्या. कारखान्यांतील उत्पादन मात्र चालूच होते. शेवटी सरकारला साठेबाजीविरोधी कायद्याखाली या कागदाचा समावेश करावा लागला.

त्याच वर्षी त्याच देशात तोयोकावा शिंकिन बँकेचे प्रकरण घडले. डिसेंबर १९७३ मध्ये काही शाळकरी मुली आगगाडीतून जात होत्या. त्यांतल्या एकीला बँकेत नोकरी लागणार होती. बँकेत काम करणे धोक्याचे, असे मैत्रीण थट्टेने म्हणाली. तिच्या मनात दरोडेखोर होते. पण घरी विषय निघाला तेव्हा ऐकणाऱ्यांनी 'बँक धोक्यात आहे' असा अर्थ घेतला. काही दिवसांत खातेदारांनी बँकेला वेढा घातला आणि कोट्यवधी येन काढून नेले. बँक भक्कम होती. जपानी पोलिसांनी ही अफवा तोंडातोंडी उलट्या दिशेने शोधत त्या मुलींपर्यंत नेली. त्यांच्यावर गुन्हा नोंदवण्यासारखे काहीच नव्हते, कारण खोटे कुणीच बोलले नव्हते. मुलांना इतिहास शिकवताना आपण कटकारस्थाने शोधतो. इथे कारस्थान करणारा कुणी नव्हता, हे त्यांना सांगण्यासारखे आहे.

अमेरिकेतही हाच महिना गाजला. विस्कॉन्सिन हा कागदगिरण्यांचा प्रांत. तिथले संसद-सदस्य हॅरोल्ड फ्रोलिक यांनी लगद्याच्या तुटवड्याबद्दल काळजी व्यक्त करणारे पत्रक काढले. देशाला टॉयलेट पेपरची चणचण भासू शकते, असे त्यात होते. १९ डिसेंबर १९७३ च्या रात्री दूरचित्रवाणीवरचे लोकप्रिय विनोदवीर जॉनी कार्सन यांनी त्यावर एक विनोद केला. लाखो प्रेक्षक हसले आणि सकाळी दुकानांकडे धावले. स्कॉट पेपर कंपनीने यंत्रे चालू असल्याची दृश्ये दाखवली. कार्सन यांनाही पुढे खुलासा करावा लागला. तरी फळ्या भरायला काही आठवडे गेले.

सत्तेचाळीस वर्षांनी करोनाच्या साथीत हीच कथा जगभर पुन्हा घडली. १७ फेब्रुवारी २०२० रोजी हाँगकाँगच्या माँग कॉक भागात चाकूधारी टोळीने पुरवठादाराला धमकावून सुमारे ६०० गुंडाळ्या पळवल्या. जपानमध्ये, कागद चीनमधून येतो आणि तो आता येणार नाही, अशी वावडी उठली. वास्तविक तिथे खपणारा जवळजवळ सगळा टॉयलेट पेपर तिथेच तयार होतो. मार्चच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील दुकानांनी ग्राहकामागे चार पाकिटांची मर्यादा घातली. डार्विनच्या 'एनटी न्यूज' या वृत्तपत्राने आठ कोरी पाने छापून वाचकांची सोय केली. अमेरिकेत ओरेगन राज्यातील न्यूपोर्टच्या पोलिसांना, कागद संपला म्हणून तातडीच्या क्रमांकावर फोन करू नका, असे विनवावे लागले.

या सगळ्यांना मूर्ख म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण बरोबर नाही. एक तर मागणी थोडी खरोखर वाढली होती. कचेऱ्या, शाळा, उपाहारगृहे बंद झाली आणि माणसे दिवसभर घरी राहू लागली. जॉर्जिया-पॅसिफिक या अमेरिकन कंपनीच्या अंदाजाने, सगळे कुटुंब घरीच राहिले तर घरगुती वापर ४० टक्क्यांनी वाढतो. कचेऱ्यांसाठीच्या जाड, मोठ्या गुंडाळ्यांचा धंदा वेगळा आणि घरगुती मालाचा वेगळा. इकडचा माल रातोरात तिकडे वळवता येत नाही. दुसरे म्हणजे ही वस्तू हलकी, पण जागा खाणारी. म्हणून दुकानदार तिचा फारसा साठा ठेवत नाहीत. आज संपली की उद्या आणतात. कारखाने एरवीही रात्रंदिवस चालतात, तेव्हा उत्पादन अचानक दुप्पट करणे शक्य नसते. अशा वेळी प्रत्येक घराने एक पाकीट जादा घेतले तरी फळी रिकामी होते. आणि रिकामी फळी पाहिल्यावर शहाणा माणूसही म्हणतो, 'अफवा खोटी असेल, पण कागद तर खरोखरच नाही. मिळेल तितका घेऊन ठेवू.' त्याच्या बाजूने हा विचार चुकीचा नाही. असे हजारो शहाणे एकत्र आले की टंचाई होते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये या प्रकाराला नाव दिले. मराठीत त्याला 'स्वतःला खरे करणारे भाकीत' म्हणता येईल. ते आरंभी खोटे असते. लोक ते खरे मानून वागतात आणि त्या वागण्यामुळेच ते खरे ठरते. मर्टन यांनीही एका भक्कम बँकेचे उदाहरण दिले होते. त्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

इस्लामी परंपरेने बाजाराचा विचार फार बारकाईने केला आहे. महागाईची वाट पाहत माल अडवून ठेवणे याला 'इहतिकार' म्हणतात. हदीसमध्ये त्याला गुनाह ठरवले आहे. इमाम अबू हनीफा यांच्या मते हा निषेध अन्न आणि जनावरांचा चारा यांपुरता होता. त्यांचे शिष्य काझी अबू यूसुफ यांनी तो वाढवला: जी वस्तू अडवल्याने लोकांना त्रास होईल, तिची साठेबाजी इहतिकारच. या मताने कागदाची गुंडाळीही त्यात येते, मास्कही येतो. १३७७ मध्ये 'मुकद्दिमा' लिहिणारे इब्न खलदून म्हणतात की धान्याच्या साठेबाजाला त्याचा पैसा लाभत नाही. नाइलाजाने जादा दाम मोजणाऱ्यांचा जीव त्या पैशात अडकलेला असतो.

मात्र घाबरून दोन पाकिटे जादा घेणारी गृहिणी आणि गुदामाला कुलूप लावणारा व्यापारी यांना एका तागडीत घालू नये. एकाला भीती असते, दुसऱ्याला लोभ. कायदा लोभाला शिक्षा करू शकतो, भीतीला नाही. भीतीवर इलाज हजरत यूसुफ यांच्या कथेत दिसतो. सुबत्तेच्या सात वर्षांत त्यांनी मिसरमध्ये धान्य राखले. तो साठाच होता, पण तो सुबत्तेत केलेला आणि सर्वांसाठी होता. टंचाईच्या काळात त्याचे मापून वाटप झाले. 'ग्राहकामागे चार पाकिटे' या पाटीमागे हाच न्याय आहे. आपल्या घराला वाटा मिळणार याची खात्री झाली की माणूस रांगेतून घरी जातो. भारतात केंद्र सरकारने १३ मार्च २०२० रोजी मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली आणले. २१ मार्चला २०० मिलिलिटर सॅनिटायझरला १०० रुपये अशी कमाल किंमत ठरवली. पण २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर होताच आपल्या शहरांतल्या किराणा दुकानांपुढेही झुंबड उडाली. तिथे गुंडाळीच्या जागी आटा, डाळ आणि तेल होते, एवढाच फरक.

आता मर्टन यांच्याकडे परत येऊ. बँकेचे उदाहरण त्यांनी नुसते बँकेसाठी दिले नव्हते. त्यांना अमेरिकेतल्या काळ्या कामगारांविषयी बोलायचे होते. काळे लोक संप फोडतात, असे म्हणून गोऱ्यांच्या संघटना त्यांना सभासद करून घेत नसत. संघटनेबाहेर राहिलेल्या, उपाशी माणसाला संपाच्या दिवशी मिळेल ते काम घ्यावे लागे. मग गोरे म्हणत, पाहा, आम्ही सांगत नव्हतो? म्हणजे कागदाविषयीची अफवा आणि माणसांविषयीची अफवा एकाच यंत्रावर चालते.

ते यंत्र २०२० मध्ये आपल्या दारातही चालले. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजच्या संमेलनातून संसर्ग पसरला, हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढ्या सत्यावर एका संपूर्ण समाजाने मुद्दाम रोग पसरवल्याची इमारत उभी केली गेली. मध्य प्रदेशातल्या एका फळविक्रेत्याची फेब्रुवारीतली चित्रफीत एप्रिलमध्ये करोनाशी जोडून देशभर फिरवण्यात आली. अनेक ठिकाणी मुसलमान भाजीवाल्यांना वस्तीत येऊ नका म्हणून बजावले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगसाठी आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे मत नोंदवले. निकाल आला, पण तो किती तोंडांपर्यंत पोहोचला?

आपल्या वस्त्याही या रोगातून सुटल्या नव्हत्या. पथके निरोगी माणसांना उचलून नेतात, अशा अफवा मोहल्ल्यांत होत्याच. १ एप्रिल २०२० रोजी इंदूरच्या टाटपट्टी बाखल भागात आरोग्य कर्मचाऱ्यांवर दगड पडले. ज्यांच्यावर संशय घेतला गेला त्यांनीच असे वागून संशय घेणाऱ्यांच्या हाती पुरावा दिला. कुराणातली शिकवण, बातमी घेऊन येणाऱ्याची आधी शहानिशा करा, अज्ञानात कुणाला इजा करून मागून पस्तावू नका, ही या दोन्ही बाजूंना लागू आहे.

कागदाच्या फळ्या दरवेळी काही आठवड्यांत वा महिन्यांत भरल्या, कारण कारखाने चालू होते. दोन समाजांमधला विश्वास मात्र कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. तो रोजच्या देण्याघेण्यात, भाजीच्या गाडीपाशी, शाळेच्या बाकावर थोडाथोडा साठतो. हीच एक साठवण अशी आहे की जिला इहतिकार म्हणता येणार नाही. ती सुबत्तेच्या, शांततेच्या दिवसांतच करून ठेवावी लागते. साथ दारात आल्यावर त्यासाठी रांग लावून उपयोग नसतो.