क्रोम सायलेन्सरचे निळे पडणे

मोटारसायकलच्या एक्झॉस्ट नळीवर पुष्कळदा क्रोमियमचा मुलामा असतो. इंजिनाच्या उष्णतेने त्यावर सोनेरी, तपकिरी, जांभळ्या आणि निळ्या छटा कायमच्या उमटतात. ‘सायलेन्सर निळा पडला’ असे सर्रास म्हटले जात असले, तरी निळा पडणारा भाग बहुतेक वेळा सायलेन्सर नसतोच. इंजिनाच्या हेडमधून निघणाऱ्या वळणदार नळीला गॅरेजात बेंड पाइप म्हणतात. रंगतो तो तिचा सुरुवातीचा वीत-दोन विती भाग. मागच्या नळकांड्यापर्यंत पोचेतो वायू बराच निवलेला असतो, त्यामुळे खरा सायलेन्सर सहसा पांढराच राहतो किंवा जोडाजवळ जेमतेम पिवळसर होतो.

शोभेच्या क्रोमचा थर फार पातळ असतो. पोलादी नळीवर आधी निकेलचा काही मायक्रॉन ते काही दशक मायक्रॉन जाडीचा थर विद्युत् विलेपनाने चढवतात आणि त्यावर क्रोमियम देतात; त्याची जाडी मायक्रॉनच्या काही दशांशांपलीकडे जात नाही. आरशासारखी लकाकी मुख्यतः निकेलची असते. निकेल उघडे राहिल्यास पिवळसर, मंद होते, म्हणून त्यावर क्रोमियमचे पांघरूण घालतात. क्रोमियम टिकते त्याचे कारण असे की हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा एक पारदर्शक थर धरतो आणि पुढचा ऱ्हास थोपवतो. थंड नळीवर हा थर काही नॅनोमीटरचा असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. नळी तापली की तो जाड होऊ लागतो आणि रंग दिसू लागतात.

हे रंग कोणत्याही रंगद्रव्याचे नाहीत. क्रोमियम ऑक्साइडची पूड हिरवी असते; धातू घासायच्या हिरव्या पॉलिशच्या वड्यांत तीच वापरतात. नळीवर मात्र हिरवा सोडून बाकीचे रंग दिसतात. थराच्या वरच्या पृष्ठावरून आणि खालच्या धातूवरून परतलेले प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. थराच्या जाडीप्रमाणे काही रंगांचे किरण एकमेकांना मारतात आणि उरलेले दिसतात. पावसात पेट्रोल पंपासमोर रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा तवंग रंगीत दिसतो, तो याच व्यतिकरणामुळे. थर साधारण ४० नॅनोमीटरचा झाला की निळा-जांभळा प्रकाश वजा होऊन नळी सोनेरी दिसते. ६० ते ७० नॅनोमीटरच्या आसपास पिवळा-तांबडा भाग वजा होतो आणि निळा उरतो. आणखी जाडी वाढली की रंग मळकट, राखाडी होतात. रॉबर्ट हुकने १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’त अभ्रकाच्या पापुद्र्यांबरोबर तापवलेल्या पोलादावरच्या रंगांचीही नोंद केली होती, त्यांचा तरंगांच्या आधारे उलगडा टॉमस यंगने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केला.

लोहाराला ही रंगमाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. छिन्नीला पाणी देताना तो टोक घासून उजळतो आणि मागून सरकत येणारे रंग पाहून केव्हा बुडवायचे ते ठरवतो. साध्या पोलादावर फिकट पिवळा सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला येतो, तर निळा ३०० च्या आसपास. क्रोमियमचे ऑक्साइड सावकाश वाढते, म्हणून त्यावर तेच रंग यायला याहून बरीच जास्त उष्णता लागते. नळीवरचे पट्टेही त्याच क्रमाने असतात: हेडजवळ राखाडी-निळा, मग जांभळा, तपकिरी, शेवटी सोनेरी. उष्णतेइतकाच वेळही महत्त्वाचा असल्याने हा पट्टा वर्षभरात थोडाथोडा मागे सरकतो. नळी थंड झाली तरी थर पातळ होत नाही, म्हणून रंग उतरत नाही.

हेडमधून बाहेर पडणारा वायू भार आणि वेगाप्रमाणे ६०० ते ९०० अंशांपर्यंत तापलेला असतो. प्रज्वलन उशिरा होत असेल तर पेट्रोल-हवेचे मिश्रण नळीत शिरतानाही जळतच असते आणि नळी अधिक तापते. मिश्रणात पेट्रोल गरजेपेक्षा काहीसे कमी असेल तरी तापमान चढते. हेडजवळच्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली गेली, तर न जळलेले इंधन नळीतच पेट घेते. नवी गाडी स्टँडवर लावून बराच वेळ चालू ठेवणे हे सर्वांत सोपे निमित्त, कारण तेव्हा नळीवर वाराच नसतो.

निळी नळी पाहताच ‘मिश्रण लीन आहे’, म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे, असे निदान करण्याची गॅरेजातली सवय मात्र फारशी विश्वासार्ह नाही. एकपदरी क्रोम नळी उत्तम जुळवलेल्या इंजिनावरही सोनेरी होतेच, आणि घाटात लांबवर चढली तर निळीही. रंगावरून खरी माहिती मिळते ती दोन सिलिंडरच्या गाडीत: एक नळी पांढरी आणि दुसरी गडद निळी असेल, तर दोन्हींतला फरक शोधलाच पाहिजे.

उत्पादकांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे दुपदरी नळी. आतल्या नळीतून वायू जातो, मध्ये हवेची पोकळी राहते आणि बाहेरचे क्रोम त्यामानाने थंड राहते. आतून सिरॅमिक लेप देता येतो, पण तो नळी पहिल्यांदा तापण्याआधी. गाडी सुरू करण्यापूर्वी बोटांचे तेलकट ठसे पुसण्याचा सल्लाही रास्त आहे, कारण ते नळीवर भाजून बसतात. बुटाचा तळ किंवा पावसाळ्यात चिकटलेल्या रेनकोटचे प्लास्टिक यांचे डाग मात्र वेगळे. ते वर बसलेले असतात, म्हणून खरवडून किंवा विद्रावकाने निघतात.

निळेपणा काढायचा तर ऑक्साइडच घासून काढावे लागते, आणि ते धातूपेक्षा कठीण असते. बारीक घर्षक पॉलिशने ते निघते, पण दरवेळी खालचे क्रोमियमही थोडे झिजते. उष्णतेने क्रोमियम निकेलच्या निम्म्याहूनही कमी प्रसरण पावते, त्यामुळे त्यात सूक्ष्म भेगा पडलेल्या असतातच. झिजलेल्या जागी निकेल उघडे पडले की पिवळेपणा येतो, आणि पुन्हा विलेपन केल्याशिवाय तो जात नाही. म्हणून हलकी सोनेरी छटा तशीच सोडावी हेच शहाणपणाचे.

टायटॅनियमच्या नळ्यांवर हाच निळा रंग मिरवला जातो; काही सुट्या भागांवर तर तो मुद्दाम आणलेला असतो. क्रोमवर तो दोष ठरतो, याचे कारण क्रोमला आरसा मानण्याची आपली सवय. १ एप्रिल २०२० पासून भारतात वाहनांच्या धुरासाठी बीएस-सहा मानके लागू झाली. ती पाळण्यासाठी लागणारा, धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरक परिवर्तक एक्झॉस्टमध्येच असल्याने तिथली उष्णता आणखी वाढते. अनेक गाड्यांना आता काळ्या, चकाकी नसलेल्या लेपाच्या नळ्या असतात आणि त्यांवर हे रंग दिसत नाहीत.