दहा हजारांची पंगत

‘साइट हँग झालीये’ हे वाक्य आता अस्सल मराठी मानायला हरकत नाही. बारावीचा निकाल असो, तत्काळचं तिकीट असो, नाहीतर नाट्यसंमेलनाची नोंदणी असो, गोल चक्र फिरत राहतं आणि आपण ताबडतोब निदान करून मोकळे होतो: “सर्व्हर फालतू आहे. मोठं मशीन घ्यायला काय होतं यांना?”

गंमत म्हणजे आमच्या क्षेत्रातल्या लोकांचीही बराच काळ अशीच समजूत होती. गर्दी झेपत नाही म्हणजे मशीन कमी पडतंय. ही समजूत कशी मोडली याचा इतिहास मला फार आवडतो. त्यात एक डॅनिश गणिती आहे, एक स्वीडिश टेलिफोन कंपनी आहे, आणि पडद्यामागे का होईना, मुंबईतला एक डायल-अप मोडेमही आहे. तांत्रिक बाऊ न करता सांगायचा प्रयत्न करतो.

आधी पंगतीत बसू. वेब सर्व्हर म्हणजे वाढपी आणि आपले ब्राउझर म्हणजे पाहुणे. पाहुणा येतो, काहीतरी मागतो, वाढपी ते आणून वाढतो. १९९० च्या दशकातल्या सुरुवातीच्या वेब सर्व्हरांची पद्धत अगदी राजेशाही होती: प्रत्येक पाहुण्यामागे एक स्वतंत्र वाढपी! पाहुणा आला की युनिक्समध्ये नवी प्रोसेस जन्माला घालायची, ती त्याच्या पाटामागे उभी राहणार, आणि त्याचं जेवण आटोपलं की तिचं काम संपलं. १९९५ साली आलेल्या अपाची सर्व्हरने यात सुधारणा केली. वाढपी आधीच नेमून ठेवले, म्हणजे दर वेळी नवा शोधायला नको. पण हिशेब तोच, माणशी एक. अपाचीच्या १.३ या फार गाजलेल्या आवृत्तीत वाढप्यांची कमाल संख्या होती २५६. त्याहून जास्त हवे असतील तर सोर्स कोडमधला आकडा बदलून तो पुन्हा कंपाइल करायचा.

२५६ वाढपी म्हणजे खूप झाले असं वाटतं ना? आता मुंबईच्या मोडेमकडे येऊ.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, मुंबईसह चार महानगरांत. त्या काळचा ९६०० बिट प्रतिसेकंद वेगाचा मोडेम घ्या आणि ५० किलोबाइटचं एक पान मागवा. ५० किलोबाइट म्हणजे ४०० किलोबिट. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे ४२ सेकंद. तेच पान एखाद्या विद्यापीठातल्या एक मेगाबिटच्या लाइनवर ०.४ सेकंदात उतरतं. पान तयार करायला सर्व्हरला दोन्हीकडे सारखेच कष्ट. पण मुंबईच्या पाहुण्यामागे वाढपी ४२ सेकंद अडकून पडतो. तो काम करत नसतो, हातात पातेलं घेऊन नुसता उभा असतो, कारण पाहुण्याचा घास बारीक आहे.

इथे आपले डॅनिश गणिती येतात. आग्नर क्रारुप एरलांग हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीत होते. त्यांच्यापुढचा प्रश्न असा: गावात इतके टेलिफोन असतील तर एक्स्चेंजमध्ये एका वेळी किती संभाषणांची सोय ठेवावी? जास्त ठेवली तर तांबं आणि पैसा वाया, कमी ठेवली तर लोक चिडणार. १९०९ साली त्यांनी यावरचा पहिला महत्त्वाचा निबंध लिहिला आणि १९१७ साली आपली प्रसिद्ध सूत्रं मांडली. त्यातली पायाभूत कल्पना शाळकरी पोरालाही कळेल अशी आहे: एका वेळी चालू असलेली सरासरी संभाषणं म्हणजे सेकंदाला येणारे कॉल गुणिले एका कॉलचा कालावधी. बस्स.

हेच गणित सर्व्हरला लावा. सेकंदाला दहा पाहुणे येताहेत असं धरू. सगळे वेगवान लाइनवाले असतील तर १० गुणिले ०.४ म्हणजे एका वेळी सरासरी चार पाहुणे. चार वाढप्यांत काम भागलं. सगळे मोडेमवाले असतील तर १० गुणिले ४२ म्हणजे ४२०! २५६ वाढपी कधीच संपले, बाकीचे पाहुणे दाराबाहेर ताटकळत उभे. आणि स्वयंपाकघरात प्रोसेसर मात्र झोपा काढतोय, कारण खरं काम दोन्ही वेळा तेवढंच आहे. पंगत पाहुणे जास्त झाले म्हणून भरली नाही, ते हळू जेवतात म्हणून भरली.

मग वाढपी वाढवा की! पण प्रत्येक वाढप्याला जागा लागते. एका प्रोसेसला नुसता एक मेगाबाइट मेमरी धरली तरी दहा हजारांना दहा गिगाबाइट होतात, आणि त्या काळी एक गिगाबाइटवाला सर्व्हर म्हणजे श्रीमंत. शिवाय इतक्या जणांना आळीपाळीने कामाला लावण्यातच ऑपरेटिंग सिस्टीमचा दम निघतो.

दुसरा उपाय १९८३ पासून उपलब्ध होता. बर्कलेच्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये ‘सिलेक्ट’ नावाची सोय आली होती. एकच चपळ वाढपी ठेवायचा, आणि त्याने पंगतीवरून फिरत ज्याला हवं त्याला वाढायचं. कल्पना उत्तम, पण अंमलबजावणीत खोच होती. वाढपी प्रत्येक फेरीला पहिल्या पाटापासून शेवटच्या पाटापर्यंत सगळ्यांना विचारणार, “तुम्हाला काही हवंय? तुम्हाला? तुम्हाला?” पंचवीस पाहुण्यांत हे ठीक आहे. दहा हजारांत तिघांना भाजी हवी असली तरी दहा हजार वेळा विचारायचं, आणि ती तीन वाट्या भाजी वाढून झाली की पुन्हा पहिल्या पाटापासून सुरू. वर लिनक्सवर ‘सिलेक्ट’च्या यादीत साधारणपणे १०२४ च नावं मावत.

हे दुखणं मोजून दाखवलं ते गौरव बंगा आणि जेफ्री मोगल यांनी, १९९८ साली. बंगा आयआयटी दिल्लीचे, तेव्हा अमेरिकेत राइस विद्यापीठात पीएचडी करत होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सर्व्हरच्या चाचण्या प्रयोगशाळेतल्या वेगवान नेटवर्कवर घेतल्या जातात, तिथे पाहुणा येतो आणि क्षणात जातो. खऱ्या इंटरनेटवर लाइन लांब आणि संथ असतात, त्यामुळे शेकडो कनेक्शन्स नुसती उघडी पडून असतात. अशा वेळी सर्व्हरची शक्ती काम करण्यापेक्षा ‘कोणाला काही हवंय का’ हे विचारण्यातच खर्च होते.

मी इथे पीएचडी करताना एका सेमिनारमध्ये हा पेपर पहिल्यांदा वाचला. वर्गातल्या चर्चेत ‘स्लो क्लायंट’ हा शब्द सारखा येत होता, एखाद्या त्रासदायक वस्तूबद्दल बोलावं तसा. मला मात्र तासाला तीस रुपये देऊन पान उघडायची वाट बघत बसलेला सायबर कॅफे दिसत होता. स्लो क्लायंट म्हणजे आम्हीच की! प्रयोगशाळेतल्या चाचणीत आम्ही नव्हतोच. आम्हाला धरून मोजमाप केल्यावरच रचनेतली चूक दिसली, हा त्या पेपरचा खरा धडा मला वाटतो.

१९९९ साली डॅन केगेल या प्रोग्रॅमरने या प्रश्नाला नाव दिलं: ‘सी-टेन-के’, म्हणजे एका सर्व्हरवर एका वेळी दहा हजार ग्राहक. हा आकडा हवेतला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या वॉलनट क्रीक सीडीरॉम या कंपनीचा फाइली वाटणारा सर्व्हर त्या सुमारास खरोखरच एका वेळी दहा हजार ग्राहक सांभाळत होता. पुढे केगेलने आपल्या लेखात हिशेब मांडला तो असा: १००० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, दोन गिगाबाइट मेमरी आणि गिगाबिटचं नेटवर्क कार्ड असलेलं मशीन सुमारे १२०० डॉलरला मिळतं. वीस हजार ग्राहकांत ते वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० किलोहर्ट्झ, १०० किलोबाइट आणि सेकंदाला ५० किलोबिट येतात. डिस्कवरून थोडा मजकूर उचलून पाठवायला एवढं पुरेसं आहे. मग अडतंय कुठे? मशीनमध्ये नाही, आपल्या रचनेत.

त्यानंतर चक्रं भराभर फिरली. २००० साली जोनाथन लेमन यांची ‘केक्यू’ ही सोय फ्रीबीएसडीत आली. २००२ साली दाविदे लिबेंझी यांचं ‘ईपोल’ लिनक्सच्या विकास-आवृत्तीत आलं आणि २००३ च्या डिसेंबरात २.६ बरोबर सगळ्यांच्या हाती पडलं. दोन्हींची युक्ती एकच. पाहुण्याने बसताना एकदाच नाव नोंदवायचं. नंतर वाढप्याने विचारत फिरायचं नाही, ज्याला हवं त्याने हात वर करायचा. ज्यांचे हात वर आहेत तेवढ्यांचीच यादी ऑपरेटिंग सिस्टीम वाढप्याला देते. पंगत शंभराची असो की लाखाची, कष्ट हात वर करणाऱ्यांपुरतेच.

या पायावर मॉस्कोत रॅम्बलर कंपनीत काम करणाऱ्या इगोर सिसोयेव यांनी ‘एंजिन-एक्स’ हा सर्व्हर लिहिला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये जगाला फुकट दिला. नुसती उघडी असलेली दहा हजार कनेक्शन्स हा सर्व्हर सुमारे अडीच मेगाबाइटमध्ये सांभाळतो. म्हणजे ताटकळणाऱ्या पाहुण्यामागे २५० बाइट! कुठे एक मेगाबाइट आणि कुठे हे.

पण टेलिफोनवाल्यांनी हा प्रश्न वेगळ्याच वाटेने आधीच सोडवला होता. १९८६ च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी एक्स्चेंजसाठी नवी भाषा घडवली. तिचं नाव? एरलांग! (डॅनिश गणितींचा मान आणि ‘एरिक्सन लँग्वेज’चा संक्षेप, एका दगडात दोन पक्षी.) त्यांनी माणशी एक वाढपी ही पद्धत सोडली नाही, वाढपीच पिटुकला केला. दोन-तीन किलोबाइटमध्ये मावणारा, आणि एक कोसळला तरी शेजारच्याला धक्का न लावणारा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एका संभाषणाच्या चुकीने बाकीची हजारो संभाषणं तुटून कशी चालतील? १९९८ मध्ये कंपनीच्या एका विभागाने नव्या कामांसाठी या भाषेवर बंदी घातली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती सर्वांसाठी खुली झाली.

त्याचं फळ आज तुमच्या खिशात आहे. जानेवारी २०१२ मध्ये व्हॉट्सअॅपने जाहीर केलं की फ्रीबीएसडी आणि एरलांग वापरून एकेका सर्व्हरवर वीस लाखांहून जास्त कनेक्शन्स चालताहेत. दहा हजारांवरून वीस लाख, अवघ्या तेरा वर्षांत. सांगलीच्या मावशीचा फोन दिवसभर जोडलेला असतो आणि सकाळचं सुप्रभात पाठवून झालं की बहुतेक वेळ गप्प असतो. हे गप्प बसणं जवळजवळ फुकट झालं, म्हणून ती सोय मावशीला परवडली.

उलट बाजूही सांगायला हवी. २००९ साली ‘स्लोलॉरिस’ नावाचं हल्ल्याचं साधन प्रसिद्ध झालं. एका साध्या संगणकावरून अपाचीला शेकडो कनेक्शन्स जोडायची आणि प्रत्येकावर मुद्दाम अगदी हळूहळू, तुटक-तुटक मजकूर पाठवायचा. सगळे वाढपी अडकतात आणि दार बंद. ना मोठं मशीन लागत, ना मोठी लाइन. ताटकळणं महाग ठेवलं तर त्याचंच हत्यार होतं, याचा याहून सरळ पुरावा नाही.

मग आजही निकालाच्या दिवशी साइट का झोपते? एरलांगच्या गणितात एक गृहीत आहे: लोक एकमेकांना न विचारता, आपापल्या सवडीने फोन करतात. निकालाला दुपारी एकच्या ठोक्याला सगळेच हात वर करतात. तिथे ‘ईपोल’ काय करणार? ताटकळणाऱ्यांना सांभाळणं स्वस्त झालं आहे, वाढणं नाही. तिथे उपाय स्वयंपाकघरात आहे: निकालाची पानं आदल्या दिवशीच तयार करून ठेवा, प्रत्येकासाठी डेटाबेसमध्ये नव्याने शोध नको, आणि ती अनेक ठिकाणांहून वाटा.

तर पुढच्या वेळी गोल चक्र फिरायला लागलं की सर्व्हरला शिव्या जरूर द्या, हक्कच आहे तो. फक्त “मोठं मशीन घ्या” म्हणण्याआधी एक प्रश्न विचारून बघा: आतले पाहुणे जेवताहेत, की नुसते ताटकळताहेत? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि मोठं मशीन हा बहुतेक वेळा त्यातला सर्वांत महाग उपाय असतो.