सीलोनचा श्रोता कोणत्या वयाचा?

वर्तमानपत्राचा खप मोजतां येतो, नाटकाचीं तिकिटें मोजतां येतात. परंतु नभोवाणी ऐकणाऱ्यांची मोजदाद कशी करावी, हा प्रश्न तिच्या जन्मापासूनच तिच्या चालकांस सतावीत आला आहे. ध्वनिलहरी घरांत शिरतात आणि विरून जातात. त्या आजोबांच्या कानीं पडल्या कीं नातवाच्या, याची कोठेंच नोंद होत नाहीं. ज्या केंद्राचा खर्च सरकार चालवितें, त्याचें या नोंदीवांचून फारसें अडत नाहीं. ज्याचा निर्वाह जाहिरातींवर, त्याची मात्र तीच शिदोरी. साबण विकणाऱ्यास साबण घेणारा हवा असतो, आणि तो ऐकत आहे याचा कांहीं तरी पुरावा त्याला दाखवावा लागतो. "अमुक वयाच्या लोकांत आमचा वाटा अमुक" असें व्यापारी केंद्रें मोठ्या विश्वासानें सांगूं लागलीं तीं याच गरजेपोटीं. हें वयाचें गणित आपल्याकडे कसें आलें, आणि त्यानें कोणास मोजलें व कोणास वगळलें, हें पाहावयाचें तर रेडिओ सीलोनच्या कथेकडे वळलें पाहिजे. पण तिच्याआधीं मोजणीच्या रीतींविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे.

या रीती प्रथम अमेरिकेंत निघाल्या, कारण तेथें नभोवाणी बव्हंशीं व्यापाऱ्यांच्याच हातीं होती. १९३० सालीं आर्चिबाल्ड क्रॉसले यानें दूरध्वनीवरून लोकांस "काल आपण काय ऐकलें?" असें विचारण्यास प्रारंभ केला. थोड्याच वर्षांत हूपर यानें प्रश्न बदलला आणि "या क्षणीं आपल्या घरीं काय लागलें आहे?" असें तो विचारूं लागला. १९४२ सालीं नीलसनच्या संस्थेनें माणसास विचारण्याची कटकटच सोडून दिली व रेडिओच्या पेटीलाच एक उपकरण जोडलें. कांटा कोणत्या केंद्रावर किती वेळ होता, हें तें आपोआप टिपून ठेवी. या तिन्ही रीतींत मोठी मौज आहे. पहिल्या दोहोंत ज्याच्या घरीं दूरध्वनि नाहीं तो श्रोताच नव्हे. आणि तिसरीत श्रोता हा मुळीं माणूसच नसून पेटी आहे. पेटीला वय नसतें.

इंग्लंडांतील गोष्ट निराळी. तेथें बी. बी. सी.च्या मक्तेदारीमुळें जाहिरातीला थारा नव्हता, आणि रविवार तर इतका गंभीर ठेवीत कीं, कंटाळलेल्या लोकांनीं समुद्रापलीकडे कान लावले. लक्झेंबर्ग या चिमुकल्या राज्यांतून १९३३ पासून इंग्रजींत जाहिरातींसह कार्यक्रम होऊं लागले. तेथूनच ओव्हल्टीनवाल्यांनीं मुलांचा एक संघ काढला. सभासदांस बिल्ले मिळत, गुप्त संकेत मिळत, आणि हीं मुलें रविवारीं संध्याकाळीं पेटीभोंवतीं जमत. मूल हें स्वतः कांहीं विकत घेत नाहीं, पण घरांत काय विकत घ्यावें हें तें ठरवूं शकतें, ही गोष्ट व्यापाऱ्यानें तेव्हांच हेरली होती. शेजारच्या लहानशा देशांतील यंत्रानें मोठ्या देशाची मक्तेदारी मोडावी, आणि मोडतांना प्रथम धाकट्यांस हातीं धरावें, हें नाटक वीस वर्षांनीं आपल्याकडे पुन्हां झालें.

दुसऱ्या महायुद्धांत आग्नेय आशियांतील दोस्त सैन्यासाठीं कोलंबो येथें एक शक्तिमान ध्वनिक्षेपक उभारला गेला. युद्ध सरलें, सैनिक घरोघर गेले, आणि तें यंत्र सीलोन सरकारच्या पदरीं पडलें. एवढ्या आवाक्याचें यंत्र त्या बेटास पुरून उरणारें होतें. १९५० च्या सुमारास रेडिओ सीलोननें व्यापारी विभाग उघडला आणि लघुलहरींवरून हिंदी चित्रपटगीतांचा ओघ भारतभर सोडला. हाताशीं २५ आणि ४१ मीटरचे पट्टे असलेली पेटी आणि छपरावर चांगली तार एवढ्या सामग्रीवर हा आवाज अमरावतीस जितका लागे तितकाच अमृतसरास लागे. आकाशवाणीचीं केंद्रें स्वातंत्र्याच्या वेळीं अवघीं सहा होतीं आणि तीं देशांतील शेंकडा अकरा लोकांपर्यंतच पोंचत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे परक्या यंत्राचा जोर किती होता हें कळून येईल.

याच वेळीं दिल्लीस बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री झाले. १९५२ पासून १९६२ पर्यंत हें खातें त्यांच्याकडे होतें. केसकर महाराष्ट्रीय, संगीताचे जाणते आणि निश्चयाचे पक्के. चित्रपटगीतांनीं लोकांची, विशेषतः तरुणांची, अभिरुचि बिघडत आहे असें त्यांचें मत होतें. आकाशवाणीवर त्या गीतांचा वेळ घटला. चित्रपटाचें नांव सांगणें म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून तेंही बंद झालें. त्यावर चिडून निर्मात्यांनीं ध्वनिक्षेपणाचा परवानाच काढून घेतला. पाहतां पाहतां सरकारी नभोवाणीवरून चित्रपटगीत जवळ जवळ नाहींसें झालें. केसकरांची टिंगल करण्याची पुढें एक चालच पडली. आम्हांस ती अन्यायाची वाटते. शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच कारकीर्दींत रुजला, आणि संस्थानें बुडाल्यावर निराधार झालेल्या किती तरी गुणी गायक-वादकांस आकाशवाणीनें अन्न दिलें. त्यांची चूक अभिरुचीची नव्हती. श्रोता हा विद्यार्थी आहे आणि त्याला दुसरी शाळाच नाहीं, असें त्यांनीं गृहीत धरलें. ती दुसरी शाळा कोलंबोस उघडली होती, तिची फी नव्हती, आणि तेथें परीक्षाही घेत नसत.

१९५२ च्या डिसेंबरांत 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दांत घासण्याच्या औषधाच्या एका स्विस कंपनीनें पैसा पुरविला. ध्वनिमुद्रण मुंबईस व्हावें, फीत कोलंबोस जावी, आणि बुधवारीं रात्रीं तोच आवाज समुद्रावरून परत मुंबईस यावा, असा द्राविडी प्राणायाम होता. निवेदक अमीन सयानी यांस तेव्हां वीस वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं. हा योगायोग नव्हे. आकाशवाणीवर बोलणारा माणूस वडीलधाऱ्यासारखा बोले. हा तरुण थोरल्या भावाच्या मित्रासारखा बोलूं लागला. आरंभीं कार्यक्रमांत सात गीतें लागत व श्रोत्यांनीं त्यांचा क्रम लावून पाठवावयाचा असे. बरोबर उत्तरास बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रें आलीं, आणि वर्षभरांत आठवड्याचा आंकडा पासष्ट हजारांवर गेला, असें सयानी स्वतः सांगत. पत्रांचा हा पूर आवरेना म्हणून बक्षिसाची रीत सोडून सोळा गीतांची श्रेणी आली, आणि ती लावण्यास ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांतील विक्री व गांवोगांवच्या श्रोतासंघांची मतें घेऊं लागले.

येथें आमच्या प्रश्नाची गांठ सुटूं लागते. सीलोनचा श्रोता तरुण, असा जो समज त्या काळीं पसरला, त्याचा आधार बव्हंशीं हीं पत्रें होत. पण पत्र कोण लिहितो? ज्याला लिहितां येतें, ज्याच्या हातीं रिकामा वेळ आहे, आणि आपलें नांव आकाशांतून ऐकूं यावें अशी ज्याला हौस आहे, तो. म्हणजे शाळा-कॉलेजांतील पोरें आणि नुकतेच नोकरीस लागलेले. त्याच पेटीसमोर भाकरी थापीत ऐकणारी आई पत्र लिहीत नसे, बिडी ओढीत ऐकणारा आजा लिहीत नसे. त्यांचें ऐकणें कोणत्याच टपालाच्या थैलींत सांपडलें नाहीं. झुमरी तिलैया हें अभ्रकाच्या खाणींचें गांव, तेव्हां बिहारांत आणि आतां झारखंडांत, फर्माइशींच्या पत्रांमुळें एवढें गाजलें कीं, असें गांव पृथ्वीवर आहे तरी कीं नाहीं, अशी अनेकांस शंका येई. तेथील कांहीं हौशी मंडळींत पत्रें पाठविण्याची चढाओढच लागली होती. पत्रांच्या मापानें पाहिलें तर झुमरी तिलैया कलकत्त्याहून मोठें ठरावें! एका पाहणीची तर अशी गोष्ट सांगतात, कीं दहा घरें पाहिलीं, त्यांतील नऊ घरीं सीलोन लागलें होतें आणि दहाव्या घरची पेटी बिघडलेली होती. गोष्ट गमतीची आहे, पण तिच्यांतही घरेंच मोजलीं आहेत, माणसें नव्हेत.

आणि त्या काळीं घरांत पेटी एकच असे. साऱ्या देशांत स्वातंत्र्याच्या वेळीं परवानेच तीन लाखांच्या आंत. ती पेटी दिवाणखान्यांत, तिच्यावर विणलेलें आच्छादन, आणि तिचा कान वडिलांच्या हातीं. बातम्या झाल्या कीं बंद. मुलांनीं सीलोन लावावयाचें तें वडील बाहेर असतांना किंवा आईच्या वशिल्यानें. शेजाऱ्याच्या ओसरीवर किंवा इराण्याच्या हॉटेलांत एका चहावर तासभर बसून ऐकणारे तर अगणित. यास्तव कोणत्या केंद्राचा किती वाटा हें आवडीवर जितकें अवलंबून होतें, तितकेंच पेटीची खुंटी कोणाच्या अधिकारांत आहे यावर होतें. अभिरुचीच्या वादांत ही साधी गोष्ट दोन्ही पक्ष विसरले.

वय हा आवडीचा अभेद्य कोट नव्हे, याचा पुरावा महाराष्ट्रापाशींच आहे. १९५५ च्या रामनवमीस, १ एप्रिल रोजीं, पुणें केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालें. सीताकांत लाड यांची कल्पना, माडगूळकरांचें काव्य, सुधीर फडक्यांच्या चाली. वर्षभर दर आठवड्यास एक नवें गीत, अशीं छप्पन्न गीतें झालीं. ऐकण्यापूर्वीं पेटीला हार घालणारीं घरें होतीं. तेंच घर, तीच पेटी. बुधवारीं रात्रीं ज्या पोरानें सीलोनसाठीं हट्ट धरला, तोही तेथें आजीच्या मांडीशीं बसलेला. केसकरांच्याच अमदानींत, त्यांच्याच नभोवाणीनें, एकही चित्रपटगीत न लावतां सारीं वयें एकत्र बसविलीं. दिल्लीस यांतून कांहीं शिकतां आलें असतें; परंतु असें काव्य आणि अशा चाली हुकूम काढून दर वर्षीं मिळत नाहींत, हेंही खरें.

अखेर माघार सरकारनें घेतली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं 'विविध भारती' निघाली आणि चित्रपटगीत सन्मानानें परत आलें. तिचा सूत्रधार नरेंद्र शर्मांसारखा कवि होता, त्यामुळें शरणागतीला कांहीं शोभा आली. मात्र जाहिरातीस आणखी दहा वर्षें लागलीं. १ नोव्हेंबर १९६७ रोजीं मुंबई, पुणें व नागपूर या केंद्रांवर, म्हणजे महाराष्ट्रांतच प्रथम, विविध भारतीवर जाहिरात ऐकूं आली. मौजेची गोष्ट अशी कीं, त्याच्या सुमारें एक महिना आधीं बी. बी. सी.नेंही जहाजांवरून चालणाऱ्या चोरट्या नभोवाणीपुढें हात टेकून तरुणांसाठीं निराळें केंद्र उघडलें होतें. तोंवर आकाशवाणीनें श्रोत्यांची वांटणी गरजेप्रमाणें केली होती: स्त्रियांस 'वनिता मंडळ', कामगारांस 'कामगार सभा', शेतकऱ्यास हवामान आणि बाजारभाव. तरुण म्हणून तरुणांस स्वतंत्र जागा, 'युववाणी', दिल्लीहून मिळाली ती १९६९ सालीं. गीतमालेला तेव्हां सतरावें वर्ष चाललें होतें.

दरम्यान एका यंत्रानें या सर्वांहून मोठी उलथापालथ केली. ट्रान्झिस्टर आला, आणि पेटी दिवाणखान्यांतून उठून ज्याच्या त्याच्या काखोटीस गेली. परवान्यांची संख्या १९७० च्या सुमारास कोटीच्या वर पोंचली. आतां मुलाचा रेडिओ निराळा, वडिलांचा निराळा, गुराख्याचाही निराळा. वयानुसार वाटे पाडणें खऱ्या अर्थानें याच दिवसांत शक्य झालें. कारण एका पेटीमागें एक कान उभा राहिला. पाश्चात्त्य देशांतही हेंच घडलें. दूरचित्रवाणीनें दिवाणखाना बळकावला, आणि हातांतल्या रेडिओचीं केंद्रें एकेका वयाच्या मागें धांवूं लागलीं. घराऐवजीं एकेका माणसाकडे रोजनिशी देऊन "कोणतें केंद्र, किती वेळ" हें लिहून घेण्याची रीत तेथें रूढ झाली.

ती रीत आपल्याकडे खासगी एफ. एम. केंद्रांबरोबर आली. २००१ सालीं बंगळूरास पहिलें असें केंद्र निघालें, आणि २००७ पासून मुंबई, दिल्ली व बंगळूर येथें रोजनिशीवरून मोजणी होऊं लागली. सीलोनच्या पोस्टकार्डांहून ही रीत निःसंशय शास्त्रशुद्ध होय. न लिहिणाऱ्याच्याही हातीं तिनें लेखणी दिली. परंतु मोजणी व्यापाऱ्याची, म्हणून कप्पेही व्यापाऱ्याचे. अमेरिकेंत जाहिरातवाल्यांचे लाडके कप्पे म्हणजे १८ ते ३४ आणि २५ ते ५४. चौपन्नाच्या पुढें माणूस ऐकतो, पण त्याच्या ऐकण्यास भाव येत नाहीं. सरकारनें तरुणाला विद्यार्थी मानलें, व्यापाऱ्यानें गिऱ्हाईक मानलें. म्हाताऱ्यास निदान सरकार भजनें तरी ऐकवीत होतें.

कप्पे जागच्या जागीं राहतात, माणसें मात्र पुढें सरकतात. १९५३ सालीं पंधरा वर्षांचा जो मुलगा कोलंबोस पोस्टकार्डें पाठवी, तो २००१ सालीं त्रेसष्टांचा झाला होता. ज्याच्यासाठीं एका सरकारनें आपलें धोरण बदललें, तोच आतां कोष्टकाच्या कडेबाहेर पडला. नव्या केंद्रांवर त्याचीं गाणीं क्वचित् लागत, आणि लागलींच तर रात्रीं उशिरां. गीतमाला १९८९ सालीं विविध भारतीवर आली, तिचें नांव दंतमंजनाबरोबर बदलत गेलें, आणि मग ती थांबली. २०१७ सालीं एका जुन्या ध्वनिमुद्रिका-कंपनीनें पांच हजार गीतें आंत भरलेली एक पेटी बाजारांत आणली. तिचें रूप मुद्दाम जुन्या रेडिओसारखें ठेवलें होतें, आणि तिच्यांत अमीन सयानींची गीतमालाही होती. ती पेटी घेणारे बहुधा तिशी-चाळिशींतले असत आणि ती आईबापांस भेट देत. सयानी २०२४ च्या फेब्रुवारींत, एक्याण्णवाव्या वर्षीं वारले.