उज्जयिनी, ग्रीनिच आणि मुंबईचें घड्याळ

शाळेंतल्या पृथ्वीगोलावर आडव्या रेघा असतात, तशा उभ्याहि असतात; परंतु दोहोंच्या कुळांत मोठें अंतर आहे. आडव्या रेघा निसर्गानेंच नेमून दिलेल्या विषुववृत्तापासून मोजतात. ध्रुवतारा क्षितिजावर किती उंच दिसतो हें पाहिलें कीं अक्षांश समजला. उभ्या रेघांचें तसें नाहीं. त्या एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत संत्र्याच्या फोडींप्रमाणें पृथ्वी विभागतात. विषुववृत्तावर एका रेखांशाची रुंदी सुमारें १११ किलोमीटर असते, मुंबईच्या अक्षांशावर ती १०५ उरते आणि ध्रुवावर शून्य होते. फोडी सर्व सारख्याच. त्यांतली पहिली कोणती, हें पृथ्वी सांगत नाहीं. तें माणसानें ठरवावयाचें, आणि तेथें मतभेद आलेच.

भारतीय ज्योतिष्यांनीं ही पहिली रेघ उज्जयिनीवरून नेली. सूर्यसिद्धांतांत लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी ही मध्यरेषा सांगितली आहे. त्यांतली लंका म्हणजे विषुववृत्तावर कल्पिलेलें एक ठिकाण. आजच्या श्रीलंकेशीं तिची गल्लत करूं नये. आपलें गांव या रेषेपासून किती दूर, हें काढण्याची रीतहि त्याच ग्रंथांत आहे. चंद्रग्रहण सर्वांना एकाच क्षणीं दिसतें. मध्यरेषेसाठीं गणितानें आलेल्या वेळेपेक्षां तें आपल्याकडे उशिरा दिसलें तर आपण पूर्वेस, आधीं दिसलें तर पश्चिमेस. तत्त्व अगदीं निर्दोष आहे. अडचण एवढीच कीं ग्रहण रोज लागत नाहीं. पंचांगकर्त्याला वाट पाहतां येते, भर समुद्रांतल्या खलाशाला येत नाहीं.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि अंशाला ४ मिनिटें. दोन ठिकाणच्या वेळांतला फरक कळला कीं रेखांशांतला फरक कळला. जहाजावरची वेळ सूर्यावरून काढतां येई. पण त्याच क्षणीं मायदेशीं किती वाजले आहेत, हें कोणी सांगावें? हेलकावणाऱ्या जहाजावर लंबकाचें घड्याळ टिकत नसे. १७०७ सालच्या ऑक्टोबरांत अ‍ॅडमिरल क्लाउडस्ले शोव्हेल याचें आरमार, आपण कोठें आहों याचा नीट अंदाज नसल्यामुळें, इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सिली बेटांच्या खडकांवर आदळलें. एका रात्रींत चार जहाजें बुडालीं, हजाराहून अधिक माणसें गेलीं, आणि त्यांत अ‍ॅडमिरलहि होता. अखेर १७१४ सालीं पार्लमेंटनें कायदा केला: समुद्रावर अर्ध्या अंशाच्या आंत रेखांश काढण्याची रीत जो देईल त्यास २०,००० पौंड. अर्धा अंश म्हणजे वेळेचीं अवघीं दोन मिनिटें, आणि तींहि कित्येक आठवड्यांच्या सफरीअंतीं!

हें आव्हान जॉन हॅरिसन नांवाच्या एका सुतारानें उचललें. त्याचें पहिलें सागरी घड्याळ १७३५ सालीं तयार झालें तें भलेंमोठें यंत्रच होतें. १७५९ चें चौथें मात्र मोठ्या खिशांतल्या घड्याळाएवढें. त्याचा मुलगा विल्यम तें घेऊन १७६१ अखेर जमैकास निघाला, आणि ८१ दिवसांनंतर त्यांत चूक निघाली फक्त पांच सेकंदांची. तरीहि परीक्षक मंडळाचें समाधान होईना. पुढें बार्बाडोसची दुसरी सफर झाली, त्यांतहि घड्याळ कसास उतरलें. तेव्हां यंत्राचें रहस्य उघड करा, नमुने करून द्या, अशा अटी आल्या. एक घड्याळ उत्तम चाललें म्हणून दुसऱ्या कारागिरांस तसें करतां येईलच असें नाहीं, हा मंडळाचा आक्षेप अगदींच फोल नव्हता. परंतु त्याच मंडळावर राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन बसत असे, आणि चंद्राच्या ताऱ्यांपासूनच्या अंतरावरून रेखांश काढण्याच्या प्रतिस्पर्धी रीतीचा तो पुरस्कर्ता होता. न्याय करणाराच पक्षकार झाला तर म्हाताऱ्या सुताराचें मन कडू झालें यांत नवल काय? १७७३ सालीं, ऐंशींच्या घरांत, त्यास पार्लमेंटकडून ८,७५० पौंड मिळाले. तीन वर्षांनीं तो वारला. तें मूळ बक्षीस मात्र शेवटपर्यंत कोणासच दिलें गेलें नाहीं.

मॅस्केलिनची रीत घड्याळापुढें हळूहळू मागें पडली. पण त्याच्या नाविक पंचांगानें निराळेंच काम केलें. १७६७ पासून निघणाऱ्या त्या पंचांगांतलें सारें गणित ग्रीनिचच्या वेधशाळेचें असे. तें वापरणारा खलाशी आपोआप ग्रीनिचपासून रेखांश मोजूं लागला. म्हणून १८८४ सालीं वॉशिंग्टन येथें २५ राष्ट्रांची परिषद भरली तेव्हां निम्मा निकाल आधींच लागलेला होता. बावीस मतें ग्रीनिचला पडलीं, एक विरुद्ध गेलें. फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले. फ्रान्सनें १९११ सालीं ही वेळ स्वीकारली तीहि ग्रीनिचचें नांव न घेतां: पॅरिसची वेळ ९ मिनिटें २१ सेकंद मागें, असा कायदा करून!

असा अभिमान मुंबईकरांनाहि अपरिचित नव्हता. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटें पुढें. १ जानेवारी १९०६ पासून ८२॥ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे ५॥ तासांची, एकच वेळ सरकारनें हिंदुस्थानासाठीं ठरविली, आणि मुंबईचीं घड्याळें ३९ मिनिटें पुढें सरकवावीं लागलीं. आदल्याच वर्षीं बंगालची फाळणी होऊन मनें तापलेलीं होतीं. आपल्या सूर्याची वेळ सोडून परक्या सरकारच्या सोयीची वेळ कां पाळावी, असा प्रश्न उठला. म्युनिसिपालिटीनें मुंबई टाइम सोडला तो स्वराज्य मिळाल्यावर, १९५५ सालीं. तोंवर एकाच शहरांत दोन वेळा नांदत होत्या, आणि गाडी पकडणारास कोणतें घड्याळ पाहिलें याचें भान ठेवावें लागे.

दोनच वर्षांनीं, १९५७ च्या मार्चांत, भारत सरकारनें शककालाचें राष्ट्रीय पंचांग सुरू केलें. त्याच्या गणितासाठीं जें मध्यवर्ती स्थान नेमलें आहे त्याचा रेखांश ८२ अंश ३० कला, म्हणजे रेल्वेच्या घड्याळाचाच. अक्षांश मात्र २३ अंश ११ कला, आणि तो उज्जयिनीचा आहे.