रिद्धपूरचे धवळे

प्रेमकथेतला वेडा आपल्या ओळखीचा असतो. ती दुरावली की त्याला वेड लागते, ती परतली की तो शहाणा होतो. ही रीत जुनी आहे. संस्कृत काव्यशास्त्राने प्रेमिकांच्या दहा दशा सांगितल्या. त्यांत उन्माद सातवा आणि मरण दहावे. वेड ही प्रेमाची एक पायरी ठरली, माणसाचे दुखणे राहिले नाही. नरेंद्रकवीच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'तला विरह याच वाटेवरचा. रुक्मिणी आमच्याच वऱ्हाडची, वर्धेकाठच्या कौंडिण्यपूरची; तेव्हा ही तक्रार घरातलीच समजावी.

पण त्याच अमरावती जिल्ह्यात, त्याच महानुभाव परंपरेत एक वेगळी नोंद सापडते. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचे गाव. लोक त्यांना वेडे म्हणत, पिसे म्हणत. ते कुणाच्याही घरात शिरत, मुलांत खेळत, एकाएकी रागावत, अस्पृश्यांच्या वस्तीत जात. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी त्यांचे चरित्र लिहिले. ॲन फेल्डहाउस यांचे त्याचे इंग्रजी भाषांतर 1984 मध्ये आले.

म्हाइंभट भक्त होते. त्यांच्या लेखी या साऱ्या ईश्वरी लीळाच. तरीही गावाच्या तोंडचा 'वेडे' हा शब्द त्यांनी गाळला नाही आणि त्याची कारणे सांगत बसले नाहीत. काय घडले, कुठे घडले, कोण काय बोलले, एवढेच लिहिले. सातशे वर्षांनंतर गोविंदप्रभूंना आजच्या एखाद्या आजाराचे नाव द्यावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. मी पाहतो आहे ते फक्त लिहिण्याची पद्धत.

या गोविंदप्रभूंना एकदा विवाहाची इच्छा झाली. भक्तांनी सोहळा मांडला आणि महदाइसेने वराचे धवळे गायिले, कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे. मराठीतल्या पहिल्या ज्ञात कवयित्रीची रचना अशी जन्मली. ती स्वतः विधवा होती. 'पिसे' म्हटल्या जाणाऱ्या नवरदेवासाठी तिने गाणे रचले, पण लग्नाने ते पिसे उतरेल असा सूर त्यात नाही.

तो सूर मी अकोल्याला, आमच्या घरात ऐकला. काकांना कुणाचे तरी आवाज ऐकू येत. "लगन लावून द्या त्याचं, लाइनीवर येईन," असे वडीलधारे म्हणाले. लग्न लागले. काकूंना आधी कुणी काही सांगितले नव्हते. काका बरे झाले नाहीत. काकूंनी त्यांना शेवटपर्यंत सांभाळले, आणि त्या दोघांत माया नव्हती असे मी म्हणणार नाही. संध्याकाळी दोघे ओट्यावर बसत, एका कपातला चहा दोन बशांत ओतून पीत.

काकूंना कादंबऱ्यांचा नाद होता. नायिकेच्या सेवेने वेडा नायक बरा होतो, अशी एक कादंबरी मी त्यांना वाचनालयातून आणून दिली होती. त्यांनी ती अर्ध्यात मिटली.

"ह्या बाईले कोणी अगुदर सांगतलं होतं काय?" त्यांनी विचारले.

मी पाने चाळून पाहिली. सांगितलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करून आलो.