पूर्व लंडनची एकजूट

पोटापाण्यासाठी मुलूख सोडून परप्रांती रुजलेल्या आम्हां मंडळींना हा इतिहास परका वाटत नाही. १९९६ साली पूर्व लंडनमधील चर्च, मशिदी, शाळा व कामगार संघटनांनी 'टेल्को' ही संयुक्त संस्था उभारली. बँकांच्या उत्तुंग कचेऱ्या रात्री झाडणाऱ्यांत पुष्कळसे स्थलांतरित होते. कायद्याच्या किमान वेतनात त्यांचा संसार भागत नसे. म्हणून २००१ साली निर्वाहवेतनाची चळवळ सुरू झाली. २००५ साली महापौरांच्या कचेरीने ताशी ६.७० पौंड हा दर जाहीर केला. तो पाळणे मात्र मालकांच्या मर्जीवर राहिले. २००७ साली ट्रफल्गार चौकात हजारोंनी, चार वर्षे राहिलेल्या कागदपत्रहीनांसाठी नागरिकत्वाची वाट मागितली; सरकारने ती मान्य केली नाही. तरीही, आपापला धर्म सांभाळून शेजाऱ्याच्या भाकरीसाठी एकत्र झगडता येते, हे तेथे दिसले.