निळी रेषा आणि आपली पंचवीस वर्षं

आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा हिशोब मिनिट बुकात आहे. लिफ्ट कधी बसली, बोअर कधी मारली, रंगकाम कधी झालं, सगळं सापडेल. पण आपल्या मागच्या भिंतीपलीकडच्या शेजारणीची नोंद त्यात फारशी नाही. म्हणून हा लेख गंगेवर. जुने नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.

आनंदवल्ली हे नाव राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंवरून पडलं. इथून वर गंगापूरचं मातीचं धरण आहे, ते १९६५ साली पूर्ण झालं. धरण झालं, आता पूर संपला, असं पुष्कळांना वाटलं. चारच वर्षांनी, १९६९ च्या सप्टेंबरात महापूर आला. त्याच्या गोष्टी जुन्या नाशकात आजही सांगतात. धरण भरलेलं असताना वर पाऊस लागला की पाणी सोडावंच लागतं. शिवाय धरणाखालचे वाघाडीसारखे ओढेनाले आपलं पाणी आणतात ते वेगळंच. विसर्ग दहा हजार क्युसेक, असं आपण बातमीत ऐकतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे २८ टँकर, दर सेकंदाला!

पूर मोजायची नाशिकची रीत मात्र निराळी. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे आपलं माप. मी गावातल्या शाखेत होतो तेव्हा पावसाळ्यात काउंटरवर पहिला प्रश्न हाच असे, "साहेब, मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" गुडघ्यापर्यंत म्हटलं की लोक निवांत. छातीपर्यंत म्हटलं की भांडीबाजार आणि सराफ बाजारातले व्यापारी माल वर चढवायला पळत. त्याहून जुनं माप नारोशंकराच्या देवळाचं. देऊळ १७४७ सालचं, घंटा वसईच्या विजयाची आठवण म्हणून लावलेली. त्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर.

आपण राहायला आल्यावर तीन मोठे पूर पाहिले. सप्टेंबर २००८ मध्ये पाणी कंपाउंडच्या भिंतीला लागलं. २ ऑगस्ट २०१६ ला गेटपर्यंत आलं. ४ ऑगस्ट २०१९ ला तिकडे दुतोंड्या मारुती पूर्ण बुडाला आणि इकडे आपल्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी. पाणी ओसरल्यावर पंपरूममध्ये दिवड निघाला. बिनविषारी, पण पोरांपेक्षा मोठेच जास्त घाबरले! सर्पमित्रानं नेऊन सोडला.

एरवी शेजारीण गुणी आहे. खंड्या, बगळे, पंख पसरून बसणारे पाणकावळे गच्चीवरून दिसतात. उन्हाळ्यात पानवेली माजतात, डास वाढतात. पहिल्या मोठ्या पाण्यात त्या वाहून खाली नांदूरमध्यमेश्वराकडे जातात. हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात ते हेच ठिकाण. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. आपण नदीत जे टाकतो ते शेवटी तिथल्या पक्ष्यांच्या ताटात जातं, एवढं लक्षात ठेवावं.

आता मुद्द्याचं. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या. पुष्कळांना वाटतं, २०१९ ला येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही. बँकेत जन्म गेला म्हणून हिशोब मांडतो. पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात ४ शक्यता. काल आला म्हणून उद्याची कमी होत नाही. पंचवीस वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता शेकडा ६४, लाल रेषेच्या पुराचीसुद्धा शेकडा २२. एवढ्या जोखमीवर आमच्या काळी विम्याशिवाय कर्ज दिलं नसतं.

पार्किंगची नदीकडची बाजू भिंती घालून बंद करावी आणि तिथे हॉल करावा, अशी सूचना जनरल बॉडीपुढे येणार आहे. हॉल हवाच, माझीही नातवंडं आहेत. पण ती बाजू उघडी होती म्हणून २०१९ चं पाणी आलं तसं निघून गेलं. हॉल गच्चीवर करू. मीटरचं पॅनेल खांबाच्या वरच्या अंगाला नेऊ. आणि २०१९ च्या पाण्याची खूण मागच्या रंगकामात पुसली गेली, ती तारखेसह पुन्हा काढू. नव्यानं राहायला येणाऱ्याला ती वाचून कळेल, आपण कुणाच्या शेजारी राहतो ते.